कासव पाळायचंय? मग त्याचं घर आधी समजून घेऊया



'माझा आवडता प्राणी' हा निबंध तिसरी-चौथीत दरवर्षी लिहून घेतला जातो. पूर्वी वह्यांमध्ये गाय, कुत्रा, मांजर आणि पोपट ठरलेले असायचे. अलीकडे त्यात कासव येऊ लागलं आहे, आणि तेही 'आमच्या घरी कासव आहे' असं. कुणी नागपूरला लग्नाला गेलं की माशांच्या दुकानातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, हिरवीगार दोन पिल्लं घेऊन येतं. कुणाला बांधीत रोवणीच्या वेळी कासव सापडतं आणि ते गंजात घालून घरी येतं. मग पालक विचारतात, "मॅडम, कासवासाठी काचेची पेटी केवढी घ्यावी? खायला काय द्यावं?"

प्रश्न चांगला आहे. प्राणी घरी आणल्यावर त्याची सोय विचारणारा पालक जागरूकच म्हणायचा. पण माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपल्या भंडारा जिल्ह्यात कासवासाठी नवीन घर बांधायची गरजच नाही. ते घर आपल्या पूर्वजांनी गावोगाव बांधून ठेवलं आहे, त्याला आपण तलाव म्हणतो. ज्यांनी दुकानातून कासव आधीच आणलं आहे, त्यांच्यावर मात्र ते शेवटपर्यंत नीट सांभाळण्याची जबाबदारी आहे. ती कशी पार पाडायची तेही या लेखात सांगते.

आधी ओळखा : कासव कोणतं?

मराठीत 'कासव' हा एकच शब्द आहे, पण त्यात तीन वेगवेगळ्या राहणीचे प्राणी येतात. एक समुद्रातलं, ज्याच्या पायांची वल्ही झालेली असतात. दुसरं गोड्या पाण्यातलं, म्हणजे तलाव, नदी, बोडीतलं. याच्या बोटांमध्ये पडदे असतात. तिसरं जमिनीवरचं, ज्याचे पाय हत्तीच्या पायासारखे गोल आणि जाड असतात.

हा फरक माहीत नसेल तर प्राण्याचा जीव जातो. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. 'कासव म्हणजे पाण्यातलं' असं समजून कुणी त्याला टाक्यात सोडलं तर ते बुडून मरतं. उलट, पाण्यातल्या कासवाला कोरड्या खोक्यात ठेवलं तर ते सुकतं, आणि पाण्यात नसलं की त्याला घास गिळताही येत नाही. म्हणून पेटी विकत घेण्याआधी प्राण्याचे पाय बघा. मुलांनाही तेच शिकवा. परिसर अभ्यासातला 'प्राण्यांचे अवयव आणि निवारा' हा भाग यापेक्षा सोप्या उदाहरणाने समजावता येणार नाही.

बांधीत सापडलेलं कासव घरी आणू नका

आपल्याकडे तलावात, बोडीत आणि धानाच्या बांध्यांत एक मऊ पाठीचं कासव सापडतं. रंग हिरवट-तपकिरी, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं. याच्या पोटाकडच्या कवचाला मागच्या बाजूला दोन झाकणं असतात. घाबरलं की पाय आत घेऊन ते झाकणं लावून घेतं. उन्हाळ्यात बोडी आटली की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट पाहतं. पहिल्या पावसात ते बाहेर पडतं, रस्ता ओलांडतं, बांधीत येतं, आणि नेमकं तेव्हाच मुलांच्या हाती लागतं.

हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तारा कासवही २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मध्ये आलं. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अशा प्राण्याला पकडल्यास किंवा बाळगल्यास किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'आम्ही प्रेमानं पाळलं होतं, मारलं नाही' असं म्हणून यातून सुटका होत नाही. पाळणं हाच गुन्हा आहे.

विहिरीत कासव सोडण्याची जुनी पद्धतही याच कारणासाठी थांबायला हवी. 'कासव पाणी स्वच्छ ठेवतं' म्हणून ते विहिरीत सोडलं जातं. पण बांधलेल्या विहिरीच्या उभ्या भिंती त्याला चढता येत नाहीत. ऊन खायला जागा नाही, अंडी घालायला माती नाही. माणसाच्या दृष्टीने ती विहीर असली तरी कासवासाठी ती जन्मठेप आहे.

मग सापडलं तर काय करायचं? धडधाकट असेल आणि बांधीत, पाळीवर फिरत असेल तर त्याला तिथेच राहू द्या. रस्त्यावर असेल तर ते ज्या दिशेला जात होतं त्याच बाजूला नेऊन सोडा. उलट दिशेला ठेवलं तर ते पुन्हा रस्ता ओलांडायला येतं. जखमी असेल, किंवा कुणी बांधून ठेवलेलं दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्यासारखा आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी प्राण्यांवर तिथे उपचार होतात.

दुकानातून आणलेल्या कासवाचं घर

दुकानात सर्रास विकलं जाणारं कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असतो, त्यावरून ओळखता येतं. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढले आहेत. आपल्याकडचा प्राणी त्यात बसतो का, हे जवळच्या वन कार्यालयात विचारून घ्यावं.

हे कासव घरी असेलच तर त्याला पुढील गोष्टी लागतात.

१) जागा : दुकानदार प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडाचा छोटा डबा देतो. तो विसरा. सर्वसाधारण हिशेब असा की कवचाच्या दर इंचामागे ४० लिटर पाणी लागतं. पूर्ण वाढलेली मादी १० इंचांपर्यंत जाते, म्हणजे एका कासवाला ४०० लिटर पाणी. आपल्या घरांना अंगण असतं. तिथे सिमेंटचं टाकं बांधणं हे काचेच्या पेटीपेक्षा स्वस्त आणि चांगलं. निम्म्या टाक्यावर सावली हवी, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. वरून जाळी हवी, नाहीतर कावळा, मांजर आणि मुंगूस टपलेलेच असतात.

२) कोरडी जागा : एक दगड किंवा लाकडी फळी अशी ठेवा की कासव पूर्ण पाण्याबाहेर येऊन वाळू शकेल. सतत ओलं राहिलं की कवच सडतं.

३) ऊन : कासव शीतरक्ताचं आहे. अन्न पचवायलासुद्धा त्याला बाहेरची ऊब लागते. उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. आणि बंद काचेची पेटी उन्हात ठेवली तर कासव आत शिजतं, हेही लक्षात असू द्या.

४) खाणं : भात, पोळी, पोहे, बिस्किट, दूध यांतलं काहीही देऊ नका. कासवासाठीचं तयार खाद्य, पाणवनस्पती, हिरव्या पालेभाज्या, अधूनमधून मासळी किंवा गांडूळ द्या. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस पाण्यात टाकला की कॅल्शियम मिळतं. वाळलेली कोळंबी दुकानदार पुडीत देतो, पण फक्त तेवढ्यावर वाढलेल्या कासवाचे डोळे अ जीवनसत्त्वाअभावी सुजतात. मग त्याला दिसत नाही, दिसत नाही म्हणून ते खात नाही.

५) पाणी : कासव खातं तिथेच घाण करतं. फिल्टर नसेल तर पाणी वरचेवर बदलावं लागतं. नळाचं पाणी एक दिवस साठवून मग वापरा.

६) हात धुणे : कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. लहान मुलांना त्यामुळे जुलाब आणि ताप येतो. अमेरिकेत १९७५ साली ४ इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने, कारण मुलं ती पिल्लं तोंडात घालत. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि त्याचं भांडं स्वयंपाकाच्या ओट्यावर धुवायचं नाही.

७) आजारपण : कवच मऊ लागणं, डोळे सुजणं, एका बाजूला कलून पोहणं, नाकातून फुगे येणं ही आजाराची लक्षणं. तेव्हा घरगुती उपाय नकोत. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे न्या.

आणखी एक. कवच म्हणजे कासवाचा सदरा नाही. त्याचा कणा आणि बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात. कवचाला स्पर्श कळतो, दुखापत झाली तर वेदना होतात. त्यावर रंग मारणं, नाव लिहिणं, भोक पाडून दोरा ओवणं म्हणजे आपल्या पाठीच्या हाडाला भोक पाडण्यासारखं आहे.

हिशेब वयाचाही करा

ही यादी वाचून कुणी म्हणेल, 'इतकं तर आम्ही करू.' ठीक आहे. मग एक गणित मुलालाच सोडवायला द्या. स्लायडर नीट सांभाळलं तर ३० वर्षं जगू शकतं. तिसरीतला मुलगा आज ८ वर्षांचा आहे. कासव म्हातारं होईल तेव्हा तो ३८ वर्षांचा असेल. मधल्या काळात तो साकोलीला किंवा तुमसरला कॉलेजात जाईल, मग नागपूर-पुण्याला नोकरी करेल. ४०० लिटरचं टाकं कोण धुणार? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे, आई. मुलाला जबाबदारी शिकवायला आणलेला प्राणी शेवटी आईच्या कामांच्या यादीत जातो.

कासव मरता मरत नाही ही त्याची ताकद आहे, आणि घरात आल्यावर तीच त्याची अडचण होते. कुत्र्याला भूक लागली तर तो भुंकतो, शेळी मॅ मॅ करून घर डोक्यावर घेते. कासव ओरडत नाही. चुकीच्या डब्यात ते महिनोन्महिने गप्प झिजत राहतं आणि आपल्याला वाटतं, 'किती शांत आहे, काही त्रास नाही.'

'पण कासव शुभ असतं ना, मॅडम?'

असतं. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव कोरलेलं असतं, कूर्मावतार सगळ्यांना माहीत आहे. पण देवळातलं कासव दगडाचं आहे, हे लक्षात घ्या. आपल्या पूर्वजांनी जिवंत कासव धरून गाभाऱ्यासमोर बांधलं नाही.

आपल्या संतांच्या वाङ्मयात एक सुंदर कल्पना वारंवार येते. कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही, ती फक्त प्रेमाने बघते आणि त्या नजरेवर पिलं वाढतात. जीवशास्त्रात कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, ते वेगळं. पण त्या कल्पनेत जे शहाणपण आहे ते मला शिक्षक म्हणून फार मोलाचं वाटतं. प्रेम करायला हातात धरावंच लागतं असं नाही.

शुभाच्या नावाखाली एक भयंकर प्रकारही चालतो. '२० नखांचं कासव' मिळालं की पैशांचा पाऊस पडतो, असं सांगून लोकांना लुबाडतात आणि कासवं पकडली जातात. आपल्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला ३ नखं असतात, म्हणजे एकूण १२. हा गुणाकार दुसरीतल्या मुलालाही येतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे. मुलांनी हा हिशेब घरी जाऊन सांगितला तर एखादं कासव आणि एखाद्या बापाचे पैसे दोन्ही वाचतील.

नको झालं म्हणून तलावात सोडू नका

कासव मोठं झालं, पाण्याचा वास येऊ लागला, की पालक म्हणतात, 'जाऊ द्या, तलावात सोडून पुण्य घेऊ.' स्लायडरच्या बाबतीत हे पुण्य नाही. जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. आपल्या देशात गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि शहराजवळच्या दीपोर बील पाणथळीत ती सापडली आहेत. लोकांनीच कधीतरी सोडलेली. ती खादाड आहेत, ऊन खायच्या जागा बळकावतात आणि सोबत आजार आणू शकतात. आपल्या तलावात सोडलेलं स्लायडर आपल्याच कासवाच्या घरात घुसखोर होतं. ढिवर बांधव त्याच तलावातल्या मासळीवर जगतात, त्यांचंही नुकसान होऊ शकतं. सांभाळणं शक्य नसेल तर वन विभागाला विचारा, पण पाण्यात सोडू नका.

घर तर बांधलेलंच आहे

'मग मुलांनी प्राण्यांवर प्रेम करायचं कसं?' हा पालकांचा खरा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. प्राण्याची काळजी घेताना मूल शिकतं, हे मलाही मान्य आहे. त्यासाठी आपल्या घरी शेळीचं करडू आहे, कोंबडीची पिल्लं आहेत, दारातलं कुत्रं आहे. ते माणसासोबत राहायला हजारो वर्षांपासून सरावले आहेत. कासव सरावलेलं नाही.

कासवाची काळजी घ्यायची तर तलावाची घ्यावी लागते. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून ते बांधले, धान पिकवलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि हळूहळू देखभाल मागे पडली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, पाणवनस्पती गेल्या. कासवाला जे हवं ते सगळं या तलावात होतं : खोल पाणी, उथळ कड, उन्हाळ्यात शिरायला चिखल, अंडी घालायला पाळीची मऊ माती, खायला गोगलगायी, मेलेली मासळी, शेवाळ. चारशे लिटर टाक्याचं काय घेऊन बसलात!

हे परत आणता येतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांसोबत बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम केलं आहे. त्यात कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ज्ञान ढिवरांचंच आहे. आपल्या शाळांमध्ये त्या घरातली मुलं बसतात. वर्गात कासवाबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्यांना असते, पण त्यांना आपण कधी फळ्यासमोर उभं करतो का?

कोकणातलं वेळास गावही मुलांना सांगण्यासारखं आहे. तिथे सागरी कासवांची अंडी पूर्वी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत घरट्यांची राखण सुरू केली. आज लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला तिथे जातात, गावातल्या घरांत राहतात, गावाला चार पैसे मिळतात. कुणीही कासव घरी नेत नाही. बघायला मिळतं, तेवढं पुरतं.

वर्गात काय करता येईल?

जुलैत पाऊस स्थिरावला की मुलांना मोठ्यांच्या देखरेखीत तलावाच्या पाळीवर न्या. पाण्यापासून अंतर ठेवा. काय दिसलं त्याची नोंदवही करा : कासव, पाणकोंबडी, बेशरम, शिंगाडा, प्लॅस्टिक. हीच नोंद पुन्हा डिसेंबरात आणि मार्चमध्ये करा. पाणी किती उतरलं, हेही लिहा. गावातल्या एखाद्या ढिवर आजोबांना शाळेत बोलवा आणि विचारा, 'तुमच्या लहानपणी तलावात किती कासवं दिसायची?' त्यांच्या उत्तरांचा एक परिच्छेद म्हणजे उत्तम भाषा पेटी साहित्य. २३ मे हा जागतिक कासव दिन सुटीत येतो, म्हणून त्याआधीच हे सगळं उरकावं.

निबंधासाठी चौथीला पुरतील अशा दहा ओळी देते. पाठ करून घेऊ नका, मुलांना स्वतःच्या गावाचा तलाव त्यात घालू द्या.

आमच्या तलावातील कासव

१. आमच्या गावाच्या तलावात मऊ पाठीचे कासव राहते.
२. त्याचे नाक लांब असते.
३. ते नाक पाण्याबाहेर काढून श्वास घेते.
४. त्याच्या प्रत्येक पायाला तीन नखे असतात.
५. ते गोगलगायी आणि मेलेले मासे खाते, म्हणून तलाव स्वच्छ राहतो.
६. उन्हाळ्यात ते चिखलात झोपते.
७. पावसाळ्यात ते बांधीत येते.
८. त्याला पकडणे हा गुन्हा आहे.
९. मी त्याला घरी आणत नाही, मी त्याला पाळीवरून बघतो.
१०. तलाव भरलेला राहिला तर कासव राहील, म्हणून आम्ही तलावात कचरा टाकत नाही.

नववी ओळ मुलांना समजली, तर माझ्या मते धडा झाला. पालकांनो, पुढच्या वेळी मूल दुकानासमोर हट्ट धरेल तेव्हा पेटीची किंमत विचारण्याआधी त्याला सायकलवर बसवा आणि गावच्या तलावावर घेऊन जा. पैसे वाचतील, संध्याकाळही छान जाईल. कासव दिसेलच असं नाही. पण पाळीवर बसून वाट कशी बघायची, हे मूल नक्की शिकेल.